अठराव्या वर्षी वही मिटू नकोस

गेवराई

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गाईडना तीन वर्षांत निष्कर्ष हवेत आणि तुला मात्र ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या अभ्यासासाठी वीस वर्षं त्यांच्यामागे राहायचंय, हे कळलं. तुझे बाबा म्हणतात, आधी कायमची नोकरी बघ म्हणावं. त्यांचंही खोटं नाही. माझं मत मात्र वेगळं आहे, म्हणून लिहितेय.

तू पाठवलेलं त्या मानसशास्त्रज्ञ एमी वर्नरबाईंबद्दलचं सगळं वाचलं. हवाईतलं कवाई बेट, तिथे १९५५ साली जन्मलेली ६९८ मुलं. कितीतरी जणांचे आईबाप उसाच्या मळ्यांवर राबणारे. मला तर वाचता वाचता आपलाच तालुका दिसायला लागला. वर्नरबाई आणि त्यांच्या सहकारी रूथ स्मिथ या मुलांना पुन्हा पुन्हा गाठत राहिल्या. मुलं एक वर्षाची, दोन वर्षांची, दहाची, अठराची, मग बत्तीस आणि चाळीस वर्षांची होईपर्यंत. बाई स्वतः युद्धकाळातल्या जर्मनीत वाढलेल्या. लहानपणी काय काय सोसावं लागतं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नसणार.

सुमारे ३० टक्के मुलांच्या वाट्याला गरिबी, जन्मवेळची गुंतागुंत, घरातली भांडणं, दारू, आईबापांचं मानसिक आजारपण यांतलं बरंच काही एकदमच आलं होतं. त्यातली तिसऱ्या हिश्श्याची मुलं तरीही चांगली वाढली. आईबापांखेरीज कोणीतरी एक माणूस त्यांना धरून होतं. आजी, मावशी, शेजारीण, शाळेतल्या बाई. हे तर आमची कुठलीही अंगणवाडी सेविका सांगेल! पण सेविकेचं बोलणं मासिक बैठकीत चहाबरोबर संपतं, बाईंचं आकड्यांत उतरलं म्हणून जगानं ऐकलं.

मला जास्त अडकवलं ते उरलेल्या मुलांनी. अठराव्या वर्षी त्यांची अवस्था वाईट होती. कोणी अभ्यासात मागे, कोणाचं पोलिसांत नाव, कोणी कोवळ्या वयात आई झालेली, कोणी मनानं खचलेलं. तिथेच वही मिटली असती तर नावापुढे ‘वाया गेली’ असा शेरा पडून मोकळा. ती मुलं बत्तीस, चाळीस वर्षांची झाल्यावर बाईंनी पुन्हा शोधलं, तर त्यातल्या बहुतेकांची गाडी रुळावर आलेली. कोणी मोठेपणी कॉलेजात गेलं, कोणी लष्करात हुन्नर शिकलं, कोणाला समजूतदार जोडीदार मिळाला. आम्ही मुख्यसेविका म्हणून मुलांची वजनं तपासायचो, ती सहा वर्षांपर्यंत. नंतर मूल आमच्या रजिस्टरातून जायचं. पुढे त्याचं काय झालं हे विचारणारा रकानाच नव्हता. तुझ्या कामात तो असू दे.

एक मात्र सांभाळ. ‘पोरं तग धरतात’ एवढंच वाक्य उचलायला पुष्कळ लोक टपलेले असतात. मग हंगामी वसतिगृहाला पैसे कशाला, थंडीत पालावर मूल राहिलं तर बिघडतं कुठे, असंच होईल. म्हणून असं सगळं वाट्याला आलेल्या मुलांतल्या दोन तृतीयांशांना मोठा त्रास झाला, हे आधी लिही आणि तग धरणाऱ्यांचं मागून. आणि गावात राहिलेल्या म्हाताऱ्या आजीवर चार नातवंडं टाकून तिला ‘आधार’ म्हणताना, तिच्या औषधाचं कोण बघतं तेही विचार.

आता कामाचं. दसरा-दिवाळीनंतर घरांना कुलपं लागतील. पत्त्यावर विसंबू नकोस. प्रत्येक कोयत्यामागे, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यामागे, मुकादमाचं नाव आणि फोन लिहून घे, पण मुकादम दरसाल बदलतो, म्हणून मुलाच्या आजोळचं गाव आणि मामाचं नावही घे. लेक कुठे आहे हे माहेराला कळतंच. मुली लग्न होऊन गेल्या की आडनाव बदलतं, तेव्हा आईचं नाव पहिल्याच भेटीत नोंदव. गेवराईकडच्या गावांच्या सेविकांशी मी बोलून ठेवते. त्यातल्या दोघी यंदा निवृत्त होतायत, त्यांना आधी भेट.

तुझी,
आई