वयाला वंदना, ऑपरेशनला नकार

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

साहेब, आमच्या आबांच्या डाव्या गालात आतून कॅन्सर आहे. मंगळवारी त्यांना घेऊन एका रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी केसपेपरवरचा वयाचा रकाना बघितला. “शहात्तर? आता कशाला कापाकापी? घरी न्या, सेवा करा.” तोंडात टॉर्चसुद्धा मारली नाही. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या लिहिल्या, झालं.

आबा अजून पहाटे उठून दोन म्हशींची धार काढतात. हे कुणी विचारलंच नाही.

आणि शहात्तर तरी कुठलं? आधारवर १ जून १९४९ आहे. गुरुजींच्या कृपेने निम्मा महाराष्ट्र १ जूनलाच जन्मलाय. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलो तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं, असं आबा सांगतात. म्हणजे सत्तर-एकाहत्तर धरा. पण त्याच आधारवर तुमच्या माणसांनी शिबिर भरवून, फोटो काढून आबांना ‘वय वंदना’ कार्ड दिलं. सत्तरीपुढच्यांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे मोफत उपचार! ज्या वयावर कार्ड मिळालं, त्याच वयावर ऑपरेशन गेलं. मग वंदना कशाची केलीत?

बायोप्सीच्या रिपोर्टसाठी तीन आठवडे चकरा मारल्या. तेव्हा तोंडात तीन बोटं जायची, आता एक जातं. भाकरी दुधात कुस्करून, गाळून देतो. दुकान महिनाभर बंद आहे, वीस-बावीस हजार तरी गेले, हिशेब लिहिणं मी सोडून दिलंय. रात्री आबा विचारतात, “मी म्हातारा झालो म्हणून नाही म्हणले का रे?” काय सांगू?

वय बघूच नका, असं माझं म्हणणं नाही. सत्तरीनंतर शेकाला, म्हणजे रेडिएशनला, केमोची जोड दिली तर फायदा फारसा होत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय. मान्य. पण गालाच्या गाठीला पहिला इलाज ऑपरेशनच, आणि ते झेपेल का हे हृदय, फुप्फुस, चालणं, खाणं, स्मरण तपासून ठरतं. परळच्या टाटात म्हाताऱ्या रुग्णांसाठी वेगळी ओपीडी आहे. जिल्ह्याला निदान तेवढी तपासणी करा, आणि नकार द्यायचाच तर कारण कागदावर लिहून द्या. ‘वय’ हे कारण नव्हे.

पण तुम्हाला कागद फक्त आमच्याकडून लागतात. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे, आणि त्या रुग्णालयाच्या फाटकासमोरच्या टपरीवर पुड्यांच्या माळा लटकतायत. तिशीतली पोरं आमच्याच रांगेत गाल धरून बसली होती. त्यांना कुठलं वय आडवं येणार आहे? बंदी कागदावर, कार्ड कागदावर, आम्ही तेवढे खरे!

सोमवारी आबांना घेऊन परळला निघतोय. एसटीत त्यांना तिकीट लागणार नाही. पंच्याहत्तरी पार आहेत ना.

आपला,
आधारवर शहात्तरीच्या रुग्णाचा मुलगा