आधी कॅडेट, मग सैन्य

महोदय,

कॅरिबियन देशांतील कॅडेट संघटना, म्हणजे शाळकरी मुलांना लष्करी कवायत शिकवणाऱ्या तुकड्या, स्वातंत्र्यानंतर तिथल्या लष्करांनी शाळाशाळांत काढल्या, असे आपल्या लेखात म्हटले आहे. क्रम नेमका उलटा आहे. बार्बाडोसची कॅडेट कोअर १९०४ची, तर त्या देशाचे संरक्षण दल ऑगस्ट १९७९चे. त्रिनिदादच्या क्वीन्स रॉयल कॉलेजात कॅडेट १९१०पासून कवायत करीत. देशाचे सैन्य १९६२ साली उभे राहिले. जमैकाची कम्बाइन्ड कॅडेट फोर्स १९४३ची, म्हणजे ३१ जुलै १९६२ रोजी स्थापन झालेल्या संरक्षण दलाहून १९ वर्षांनी थोरली.

याचे कारण शाळांत आहे. वसाहतींतल्या नामांकित शाळा ब्रिटनच्या पब्लिक स्कूलांचा, म्हणजे फी घेणाऱ्या खासगी शाळांचा, कित्ता गिरवत आणि तिथे कॅडेट तुकडी हा शाळेच्या इभ्रतीचा भाग होता. तुकडीला मैदान, थोडे साहित्य आणि एखादा कडक सार्जंट पुरतो. सैन्याला स्वतःची तिजोरी आणि स्वतःचे सरकार लागते. साहजिकच बराच काळ कॅडेट म्हणजे फी परवडणाऱ्या घरातला मुलगा, हेही सांगायला हवे होते.

जमैकाच्या बाबतीत आणखी एक दुवा सुटला आहे. ब्रिटिश सैन्यातली १७९५ची वेस्ट इंडिया रेजिमेंट १९२७मध्ये मोडीत निघाली होती. १९५९मध्ये वेस्ट इंडीज फेडरेशनने (कॅरिबियनमधल्या ब्रिटिश वसाहतींच्या संघाने) ती पुन्हा उभारली, १९६२मध्ये फेडरेशनच मोडले आणि तिच्या पहिल्या बटालियनमधून जमैका रेजिमेंट घडली. या सगळ्या घडामोडीत कॅडेट मात्र चालूच होते.

संचलनाविषयी ‘उंच मुले पुढे’ हे लेखातले वाक्यही चुकीचे आहे. ब्रिटिश पद्धतीत, जी या बेटांनी घेतली, आधी सगळे एका रांगेत येतात: सर्वांत उंच उजवीकडे, सर्वांत बुटका डावीकडे. क्रमांक मोजले जातात. विषम एक पाऊल पुढे, सम एक पाऊल मागे. क्रमांक एक जागचा हलत नाही. बाकीचे विषम त्याच्याकडे सरकून तीन-तीन करून उभे राहतात आणि सम क्रमांकांतला सर्वांत बुटका आपली रांग घेऊन त्यांच्यामागून येतो. परिणामी उंच मुले दोन्ही टोकांना आणि बुटकी मधोमध येतात. पाऊल तीस इंचांचे. तेरा वर्षांच्या मुलाला ते ओढूनताणूनच भरवावे लागते, म्हणून मधला भाग मागे पडतो. वळणावर तर हमखास घोळ होतो: आतल्या टोकाच्या मुलाने पाऊल आखडायचे असते, तो पूर्ण टाकतो आणि रांग धनुष्यासारखी वाकते.

ऑनलाइन आवृत्तीत निदान सालांची दुरुस्ती व्हावी, ही विनंती.

– एक वाचक