डाळिंबावरचा पतंग आणि बांधावरची गुळवेल

मा. संपादक,
स. न.

बागलाण, देवळा आणि मालेगाव भागातील डाळिंबाच्या नुकसानीची बातमी आपल्या दैनिकात वाचली. नुकसान खरेच आहे. मात्र रस शोषणाऱ्या पतंगाची अळी फळ पोखरते, हे त्यातले विधान दुरुस्त व्हायला हवे. फळ पोखरते ती सुरसा अळी, आणि ती एका फुलपाखराची असते. तिने पाडलेल्या छिद्रातून विष्ठा बाहेर आलेली दिसते. पतंगाने टोचलेल्या फळावर टाचणीएवढेच भोक असते, दाबले की त्यातून रस येतो, आणि पुढे भोवतालची साल सडून फळ गळते.

हे टोचण्याचे काम प्रौढ पतंगाचे. युडोसिमा मटेर्ना आणि युडोसिमा फॅलोनिया या त्याच्या दोन जाती आफ्रिकेपासून भारतमार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत आढळतात. पुढचे पंख वाळक्या पानासारखे असल्याने दिवसा पाचोळ्यात बसलेला पतंग ओळखू येत नाही. मागचे पंख नारिंगी-पिवळे असतात. त्यांवर मटेर्नाला काळा गोल ठिपका, तर फॅलोनियाला काळा वाकडा डाग असतो. सोंडेचे टोक इतके कडक व काटेरी असते की डाळिंबाची सालही तिच्यापुढे टिकत नाही.

अळी वाढते ती बागेबाहेर, गुळवेल आणि वासनवेल यांच्या पानांवर. तिच्या अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात आणि डिवचली की ती डोके आत वळवून मागचा भाग उचलते. प्रशांत महासागरातील बेटांवर फॅलोनियाची अळी पांगाऱ्याची पाने खाते.

पतंग अंधार पडल्यावर बाहेरून येतो आणि सालीखालचा रस पितो, म्हणून काढणीला आलेल्या फळांवर कीटकनाशक फवारून पैसा वाया जातो आणि विषाचे अंश मात्र फळावर राहतात. बागेलगतच्या बांधावरच्या वेली जरूर काढाव्यात. पण म्हणून गावातल्या कडुनिंबावर चढलेली औषधी गुळवेल सरसकट तोडण्याचा सल्ला मला मान्य नाही, कारण हा पतंग लांबून उडत येतो आणि एका गावाने वेली तोडून त्याला आळा बसत नाही. आंबे बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा आलेल्या डाळिंबाची, फळे पावसाळ्यात पिकतात तेव्हा त्यांना वेळेवर कागदी पिशव्या घालणे, गळलेली फळे रोज उचलून पुरणे आणि तिन्हीसांजेला बागेत धूर करणे, हेच उपाय खात्रीचे वाटतात. सुरसा अळी आणि पतंग यांच्या खुणांतील फरक आपण छायाचित्रांसह छापावा, ही विनंती.

आपला,
एक डाळिंब उत्पादक, बागलाण (जि. नाशिक)