तगर पुन्हा खणण्यासाठी: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय: महाविद्यालयांत आभासी जगांद्वारे शिकवण्यासाठी मुक्तस्रोत प्रणाली स्वीकारण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका कला महाविद्यालयात इतिहास शिकवते. आमच्या गावाहून एसटीने तासाभरात तेरला पोहोचता येते. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक टिपणात गुजरातमधल्या भडोचच्या दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर 'तगर' नावाचे फार मोठे नगर असल्याची नोंद आहे. तिथले कापड गाड्यांत भरून भडोच बंदरावर जाई. ते तगर म्हणजे आमचे तेर. दरवर्षी मी मुलांना तिथल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात नेते. काचेमागची हस्तिदंती स्त्रीमूर्ती दाखवते, तशीच एक मूर्ती इटलीत पाँपेईला सापडली हे सांगते. मुले हरखतात. पण ती मूर्ती जमिनीतून कशी वर आली, कोणत्या थरात होती, तो थर कोणत्या काळाचा हे कशावरून ठरवले, हे त्यांना दाखवता येत नाही. उत्खनन एकदा झाले की तो थर कायमचा संपतो. उरतो तो अहवाल, आणि फळ्यावर मी काढलेल्या आडव्या रेघा.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तो खड्डा संगणकात खणला, आणि त्यातून जे कळले त्यासाठीच हे पत्र लिहिते आहे.

संगणकशास्त्र विभागातल्या माझ्या सहकाऱ्याने प्रयोगशाळेतल्या एका जुन्या संगणकावर 'ओपनसिम्युलेटर' ही प्रणाली बसवली. २००७ साली सुरू झालेली ही प्रणाली मुक्तस्रोत आहे. ती कुणीही उतरवून घ्यावी, चालवावी, तिच्यात बदल करावेत. तिच्यात २५६ मीटर लांब आणि तितक्याच रुंद जमिनीचा तुकडा मिळतो, त्यावर डोंगर, नदी, घरे, हवे ते उभारता येते. मुले प्रयोगशाळेतल्या आपापल्या संगणकावरून 'फायरस्टॉर्म' नावाच्या, तितक्याच मुक्त, प्रणालीतून त्या जमिनीवर उतरतात. प्रत्येकाचा एक देह असतो, तो चालतो, वाकतो, दुसऱ्याशी बोलतो. हे सगळे महाविद्यालयातल्या तारांवरच चालते, इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे ते दुपारी दोननंतर हमखास जाते, म्हणून ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्या जमिनीवर आम्ही तेरणा नदीचा काठ आणि पाच मीटर चौरसाचा एक खड्डा केला. बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने त्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. खापर उचलण्याआधी त्याची खोली, थर आणि जागा नोंदवली नाही, तर ते हातात येते, पण पुन्हा जागेवर ठेवता येत नाही. पहिल्या दिवशी चार जणांच्या गटाने वीस मिनिटांत तळ गाठला. विटा, मणी, केओलिनची (पांढऱ्या मातीची) एक छोटी मूर्ती असा ढीग करून ते अभिमानाने माझ्याकडे पाहत राहिले. मी विचारले, ही मूर्ती विटांच्या भिंतीच्या आधीची की नंतरची? कुणालाच सांगता येईना. एक मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, आता कळणारच नाही ना?" अठरा वर्षांच्या नोकरीत थरांचे महत्त्व मी इतक्या वेळा सांगितले आहे, पण ते वर्गात असे कधी उतरले नव्हते. पुढच्या आठवड्यात त्याच गटाने तासाभरात जेमतेम वीतभर माती काढली आणि वहीची सहा पाने भरली.

हे खरे तेर नव्हे, याची आम्हाला जाणीव आहे. थर आम्ही प्रकाशित अहवालांवरून बेतले. जिथे अहवालात तपशील नव्हता तिथे अंदाजाने भरले आणि तसा फलक तिथेच लावला. ही कल्पनाही मूळची आमची नाही. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या लोकांनी ग्रीसमधल्या स्पार्टा इथल्या बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) काळातल्या चर्चचे उत्खनन विद्यार्थ्यांसाठी असेच आभासी जगात मांडले होते, आणि त्यांच्या गावातले भग्न कॅथीड्रल १३१८ साली होते तसे ओपनसिम्युलेटरमध्येच उभे केले. प्रत्यक्ष उत्खननावर जाणे तिथल्या विद्यार्थ्यांनाही सहज परवडत नाही. आमच्या मुलांची तर गोष्टच सोडा.

आता मुद्द्यावर येते. सध्या महाविद्यालयांकडे 'मेटाव्हर्स लॅब', 'व्हीआर क्लासरूम' अशा नावांचे प्रस्ताव येऊ लागले आहेत. आभासी दृश्ये दाखवणारे चष्मे, संगणक, आणि दरवर्षी भरायची वर्गणी. उद्या आपल्या विभागाकडे राज्यभरासाठी असा एखादा प्रस्ताव येईल, तेव्हा आम्हा शिक्षकांपैकी कुणी तिथे नसेल. म्हणून आधीच सांगते. वर्गणीच्या जमिनीवर शिक्षकाला घर बांधायला लावू नका.

हे मी अनुभवाने लिहिते. टाळेबंदीच्या काळात आमच्या महाविद्यालयाने एका कंपनीच्या आभासी वर्गाची वर्गणी भरली होती. मी तीन महिने रात्री जागून त्यात सातवाहनकालीन बाजारपेठेचे दालन मांडले: मणी करणारे, शंखाच्या बांगड्या कापणारे, कापडाचे गठ्ठे बांधणारे. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला पैसे मंजूर झाले नाहीत. एका सकाळी माझा पासवर्ड चालेना. आपण केलेले काम उतरवून घेण्याची सोयच त्यात नव्हती. माझ्याकडे आज त्या बाजाराची दोन छायाचित्रे आहेत, तीही एका विद्यार्थिनीने मोबाइलवर काढली होती म्हणून.

मोठ्या विद्यापीठांनीही हेच भोगले आहे. २००३ साली सुरू झालेल्या 'सेकंड लाइफ' या आभासी जगात अनेक देशांतल्या विद्यापीठांनी जमिनी घेतल्या, वर्ग बांधले, ग्रंथालये उभारली. शिक्षणसंस्थांना तिथे निम्म्या दराची सवलत होती. ती जानेवारी २०११ पासून बंद होईल, असे ऑक्टोबर २०१० मध्ये कंपनीने जाहीर केले. वर्षाचे अंदाजपत्रक आधीच ठरलेल्या संस्थांनी काय करायचे? कित्येकांनी गाशा गुंडाळला, काहींनी ओपनसिम्युलेटरची वाट धरली. २०१३ मध्ये सवलत परत आली, पण गेलेले सगळे परत आले नाहीत. याच्या शेजारी 'मोझिला हब्ज' ठेवून पाहा. ब्राउझरमध्ये उघडणारी ही आभासी दालने. मोझिलाने ती सेवा ३१ मे २०२४ रोजी बंद केली. पण तिचा स्रोत पहिल्यापासून खुला होता, त्यामुळे ज्यांना हवी होती त्यांनी ती आपल्या सर्व्हरवर चालू ठेवली, आजही ठेवता येते. सेवा चालवणाऱ्यांनी दोन्हीकडे आपला निर्णय बदलला. शिक्षकाचे काम वाचवता आले ते फक्त एकीकडे.

मुक्तस्रोत म्हणजे फुकट, असे मी म्हणणार नाही. सर्व्हर लागतो, तो राखणारा माणूस लागतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या निम्म्या संगणकांवर ग्राफिक्स इतके अडखळते की चार मुलांना एका पडद्यावर बसवावे लागते. ओपनसिम्युलेटरच्या जगात मोबाइलवरून धड वावरता येत नाही, आणि माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांकडे फक्त मोबाइल आहे. अशा ठिकाणी 'लुआंटी' (पूर्वीचे नाव 'माइनटेस्ट') ही ठोकळ्यांच्या जगाची प्रणाली बरी पडते. ती अँड्रॉइडवर चालते, जुन्या संगणकावरही चालते, आणि मुक्तच आहे. पुरातत्त्वासाठी ती मला ओबडधोबड वाटते, पण भूगोलाच्या सरांनी तिच्यात पाणलोट क्षेत्र छान शिकवले. आणि अंध विद्यार्थ्यांना या जगांत फारसे काही मिळत नाही. वर्गातल्या एका मुलासाठी मी अजूनही मातीची खापरे हातात देऊनच शिकवते, ते तसेच चालू राहील.

एक अडचण मात्र मला फार बोलकी वाटली. आमच्या संगणकांवर त्या जगात मराठी जोडाक्षरे नीट उमटेनात. 'त्रिविक्रम' लिहिले की अक्षरे सुटी पडत. शेवटी सगळे फलक आम्ही चित्रे म्हणून चिकटवले. कंपनीच्या प्रणालीत अशी तक्रार पाठवून वाट पाहत बसावे लागते. इथे स्रोत समोर उघडा आहे. राज्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलांना दरवर्षी प्रकल्प करायचेच असतात, त्यांतला एक या दुरुस्तीचा असेल तर तिचा लाभ नेपाळीला, हिंदीला, कोकणीलाही होईल.

हे करण्याचे बळ आपल्याकडे आहे. मुंबईच्या आयआयटीत 'फॉसी' हा मुक्तस्रोत प्रकल्प चालतो, संगणकप्रणाली शिकवणारे तिथले 'स्पोकन ट्युटोरियल' हे ध्वनिचित्र-पाठ मराठीतून उपलब्ध आहेत. केंद्राच्या 'व्हर्च्युअल लॅब्ज'मध्ये पुण्याचे सीओईपी हे तंत्रज्ञान विद्यापीठ सहभागी आहे. केंद्र सरकारने २०१५ सालीच आपल्या कारभारासाठी मुक्तस्रोत प्रणाली स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. पण या आभासी प्रयोगशाळा मुख्यतः विज्ञान-अभियांत्रिकीच्या आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाने आमच्या बीएच्या मुलांना 'फील्ड प्रोजेक्ट' आणि 'भारतीय ज्ञान प्रणाली' दिली, त्यांचे श्रेयांक दिले. ते करायची साधने मात्र आम्ही जमेल तशी जोडतो आहोत.

माझी विनंती अशी. शासनाच्या पैशाने घेतल्या जाणाऱ्या कोणत्याही आभासी वर्गप्रणालीच्या निविदेत एक अट घाला: शिक्षकाने केलेले सगळे काम खुल्या स्वरूपात उतरवून घेता आले पाहिजे आणि दुसरीकडे चालवता आले पाहिजे. वर्गणीसाठी जो निधी ठेवाल त्यातला काही भाग एखाद्या राज्य विद्यापीठात सामायिक सर्व्हर चालवण्यासाठी द्या, म्हणजे गडचिरोलीच्या महाविद्यालयाला आमचे तेर आणि आम्हाला त्यांचे जंगल पाहता येईल. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, हे काम करणाऱ्या माणसाच्या वेळेचे पैसे द्या. आमच्या खड्ड्याचे निम्मे काम तासिका तत्त्वावरच्या एका प्राध्यापकाने केले. त्याला मानधन मिळते ते घेतलेल्या तासांचे. खापरांचे आकार अहवालातल्या आकृत्यांवरून बिनचूक उतरवायला त्याने दिवाळीची सुटी घालवली, ती कोणत्याच हिशेबात नाही. यंत्रांना निधी मिळतो आणि या माणसाला मिळत नाही, हे मला मनापासून लागते.

या पत्राची छापील प्रत टपालाने पाठवते आहे. सोबत एक पेनड्राइव्ह आहे. त्यात आमचा नदीकाठ, खड्डा, विटा, नोंदवही सगळे एकाच फाइलमध्ये आहे, आणि ते बसवायचे कसे याचे मराठीतले दोन पानी टिपण. आपल्या विभागातला संगणक जाणणारा कुणीही ते उघडू शकेल. दक्षिणेकडच्या कोपऱ्यातला तिसरा थर आम्ही अजून कुणालाच खणू दिलेला नाही.

आपली नम्र,
तेरणाकाठची एक इतिहासाची प्राध्यापिका