बारा वर्षांचा महापौर बातमीत कुठेच नाही

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

इराणच्या बातमीत मोहम्मद बाघेर गालिबाफ यांचं नाव आलं की ‘रिव्होल्युशनरी गार्डचे (म्हणजे इराणच्या वेगळ्या लष्कराचे) माजी कमांडर’ आणि ‘संसदेचे सभापती’ एवढंच छापून येतं. चूक नाहीये ते, पण हा माणूस २००५ ते २०१७ सलग बारा वर्षं तेहरानचा महापौर होता हे कोणी लिहीतच नाही, आणि मला विचाराल तर खरी गोष्ट तिथेच आहे.

२००५ ला हे पोलीसप्रमुखपद सोडून राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, चौथे आले, आणि जिंकलं कोण तर तेहरानचे तेव्हाचे महापौर अहमदीनेजाद! मग त्यांची रिकामी झालेली खुर्ची यांना मिळाली. तिथे महापौर लोक निवडत नाहीत, नगर परिषद निवडते, आणि परिषद तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे यांच्याच विचाराच्या लोकांच्या हातात होती. अहमदीनेजादना ज्या खुर्चीवरून दोन वर्षांत वर जाता आलं तिथे हे बारा वर्षं बसून राहिले.

कामं केली नाहीत असं कोणी म्हणणार नाही. मेट्रो वाढली, बीआरटी (बससाठी वेगळी लेन) आली, तौहीद बोगदा झाला, सद्र हायवेवर दुसरा मजला चढवला, तबियत पूल तर फोटोतही भारी दिसतो. पण पालिकेचा बराचसा पैसा यायचा बिल्डरांना जादा मजल्यांची परवानगी विकून, ही खोड नव्वदच्या दशकात कर्बासची महापौर होते तेव्हापासूनची, यांनी ती मोडली नाही. म्हणजे इमारती वाढवा, त्यातून गाड्या वाढणार, मग त्या गाड्यांसाठी वरती अजून एक रस्ता बांधा. जानेवारी २०१७ मध्ये प्लास्को ही सतरा मजली जुनी इमारत आगीत कोसळली, १६ अग्निशामक जवान गेले. पालिका म्हणाली आम्ही मालकांना नोटिसा दिल्या होत्या. राजीनाम्याची मागणी झाली, यांनी दिला नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात हे पुन्हा राष्ट्राध्यक्षपदाला उभे, प्रचारात ‘४ टक्के विरुद्ध ९६ टक्के’, म्हणजे मूठभर सधन विरुद्ध बाकी सगळे, आपण म्हणे ९६ टक्क्यांच्या बाजूचे, आणि मतदानाच्या तोंडावर दुसरे कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार रईसी यांच्यासाठी माघार. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूहानी जिंकले ते जिंकलेच, पण त्याच दिवशी तेहरान नगर परिषदेच्या सगळ्या २१ जागा सुधारणावाद्यांनी, म्हणजे यांच्या विरोधी गटाने घेतल्या. बारा वर्षांच्या कारभारावर तेहरानकरांचं मत यापेक्षा स्पष्ट काय असणार!

२०२० ला हेच गालिबाफ तेहरानमधून बारा लाखांवर मतं घेऊन पहिले आले आणि सभापती झाले, पण तेव्हा शहरात मतदान झालं जेमतेम पाव हिश्श्याचं, बरेच सुधारणावादी उमेदवार आधीच बाद केलेले. २०१३ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी साठ लाखांवर मतं घेऊन दुसरे आलेला हा माणूस २०२४ ला ३४ लाखांच्या आसपास अडकला, तिसरा.

तेव्हा पुढच्या वेळी त्यांच्यावर छापाल तर ‘तेहरानचे माजी महापौर’ एवढे तीन शब्द तरी घाला ही विनंती.

– तुमचा एक जुना वाचक