गिधाडांच्या ताटात विष

लहानपणी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की आभाळात गिधाडे घिरट्या घालू लागत. काही तासांत उरायचा तो फक्त सांगाडा. आता तेच जनावर चार-चार दिवस कुजते आणि त्यावर भटकी कुत्री पोसली जातात. हा बदल एका वेदनाशामकाने केला. गुराला डायक्लोफेनॅक टोचले आणि ते लवकरच मेले, तर मांसात औषध उरते. ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. १९९० च्या दशकापासून पांढऱ्या पाठीची गिधाडे देशात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरवर आणावी लागली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या वेदनाशामकांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक मात्र गिधाडांना सुरक्षित आहे. ते प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात कायम मिळावे आणि औषध दुकानांची तपासणी व्हावी. शेतकऱ्याला दोष देऊ नये; बैल विव्हळत असताना हाताशी असेल तेच औषध तो देणार.

– एक वाचक, म्हसळा (रायगड)