सोलरच्या आधी टाकी आणि जिना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात घराघरांवर सोलर लागतेय, याचा आनंद आहे. पण हे चित्र मुख्यतः ले-आउटमधल्या स्वतंत्र घरांचे. फ्लॅट स्कीममधला माणूस ‘गच्ची सगळ्यांची, आपले कुठे जमणार’ म्हणून गप्प बसतो. आमची १६ फ्लॅटची स्कीमही कितीतरी दिवस अशीच बसून होती.

सुरुवात झाली ती पौर्णिमेला. अनिल सोले महापौर असताना महापालिकेने सुरू केलेला ‘पौर्णिमा दिवस’ नागपूरकरांना माहीत आहे. रात्री ८ ते ९ अनावश्यक दिवे बंद ठेवायचे. ग्रीन व्हिजिल या पर्यावरण संस्थेचे स्वयंसेवक बाजारात दुकानोदुकानी फिरून तशी विनंती करतात. वैशाखातल्या पौर्णिमेला आम्ही दिवे मालवून गच्चीवर बसलो होतो. टीव्ही बंद, कुलर बंद. त्या शांततेत पाणी पडल्याचा आवाज आला. टाकी भरून सज्ज्यावर धार लागली होती आणि खाली २ एचपीचा पंप सुरूच होता. रोजच वाहत असणार. कुलरच्या घरघरीत कोणाला कळत नव्हते एवढेच.

तो पंप ४० मिनिटे फुकट चालला की १ युनिट जाते. १ युनिटमागे कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत साधारण पाऊण किलो कोळसा जळतो आणि त्याची राख आपल्याच जिल्ह्यात साठते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हा ती शेतांत आणि नाल्यांत शिरली. ज्यांच्या शेतात शिरली, त्यांनी आमची टाकी थोडीच भरून वाहू दिली होती?

दुसऱ्याच आठवड्यात टाकीला ऑटोमॅटिक कंट्रोलर लावला. मग जिना पाहिला. ४० वॅटच्या १२ ट्यूबलाइट रात्रभर जळायच्या, म्हणजे १२ तासांत पावणेसहा युनिट. त्या जागी ९ वॅटचे एलईडी लावले. आता सव्वा युनिटच्या आसपास लागते. पार्किंगचेही तसेच केले. सोलरचा आधीचा अंदाज ७ किलोवॅटचा होता, तो ५ वर आला. म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की कोटेशन मागवण्याआधी गळती शोधा. नाहीतर वाया जाणाऱ्या विजेसाठीही पॅनेल विकत घ्यावे लागतात.

खरा पेच गच्चीचा होता. १ किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. आमसभेत एका काकूंनी सरळ विचारले, “भाऊ, गच्ची भरून टाकसान, मंग सरगुंडे कुठी वाळवू आमी?” प्रश्न अगदी रास्त होता. उन्हाळ्यात सरगुंडे, कुरड्या, मुंगवड्या गच्चीवरच होतात. शेवटी सांगाडा माणसाच्या डोक्यावर जाईल इतका उंच घेतला आणि दक्षिणेकडचा भाग वाळवणासाठी मोकळा सोडला. खर्च थोडा वाढला, पण विरोध उरला नाही. आता त्याच काकू सकाळी ऊन चढायच्या आत पॅनेल धुवायची आठवण करतात. मार्च-एप्रिलमध्ये काचेवर बोट फिरवले तर पेरभर धूळ निघते.

केंद्राच्या सूर्यघर योजनेत संस्थेच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. अनेक स्कीमना हे ठाऊकच नाही. ५ किलोवॅटमधून दिवसाला सरासरी २० युनिट मिळतात. लिफ्ट, पंप आणि जिना त्यात भागतो. पावसाळ्यात कमी पडते. मे महिन्यात ऊन कडक असले तरी पॅनेल तापल्याने वीज उलट घटते. हे आधीच सांगून ठेवले तर नंतर कोणी नाराज होत नाही. महावितरणकडून घेतलेली आणि त्यांना परत दिलेली वीज मोजणाऱ्या नेट मीटरसाठी मात्र आम्हाला बरेच हेलपाटे पडले. कागद पूर्ण असलेल्या संस्थेला मीटर कधी मिळेल, याची तारीख अर्जाच्या पावतीवरच लिहून मिळावी.

महापालिकेला एकच विनंती. पौर्णिमेला स्वयंसेवक बाजारात जातात, तसे फ्लॅट स्कीमच्या गच्चीवरही पाठवावेत. त्या एका तासात रहिवाशांसोबत सामायिक मीटर वाचावे, पंप किती वेळ चालतो ते बघावे. आमच्या स्कीममध्ये दर पौर्णिमेला आता हेच होते. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी येत्या पौर्णिमेला जरूर यावे. सोलरच्या आधीच्या आणि नंतरच्या, अशा दोन्ही वर्षांच्या वीजबिलांची फाइल गच्चीवर ठेवलेली असेल.

आपला,
एका फ्लॅट स्कीमचा सचिव,
त्रिमूर्तीनगर, नागपूर